थकबाकी नेमकी कोणाच्या खात्यावर?

प्रश्न
(पत्र सहा पानी होतं. ओळख पटेल असे तपशील बदलून त्याचा गोषवारा देते आहे.)

पत्र लिहिणाऱ्या ताई ४९ वर्षांच्या आहेत. जुन्नर तालुक्यातल्या एका पतसंस्थेत कारकून म्हणून लागल्या, आता शाखा सांभाळतात. नवरा शेती बघतो, मुलगी बारावीला आहे. माहेरचं जुनं घर पाडून भाऊ नवं बांधणार, त्यासाठी हक्कसोडपत्रावर सही करायला त्या गेल्या महिन्यात माहेरी गेल्या. माळा रिकामा करताना पत्र्याच्या ट्रंकेत त्यांना स्वतःची पाचवीतली निबंधाची वही सापडली. अर्धी भरलेली, अर्धी कोरी.

१९८६ च्या मार्चमध्ये गुरुजींनी मुलांना पहाटे चारला टेकडीवर नेऊन हॅलेचा धूमकेतू दाखवला होता. त्यानंतर लिहिलेला ‘मी कोण होणार?’ हा निबंध त्या वहीत आहे : ‘मी मोठेपणी खगोलशास्त्रज्ञ होणार. मी रात्रभर जागी राहीन. नवीन तारा दिसला की वहीत लिहून ठेवीन. गावातल्या सगळ्यांना बोलावून दाखवीन.’

दहावीला गुण चांगले होते, पण जवळच्या कॉलेजात विज्ञान शाखा नव्हती, म्हणून ताई कॉमर्सला गेल्या. दोन वर्षांनी धाकटा भाऊ विज्ञानासाठी पुण्याला गेला, होस्टेलवर राहिला. ताई लिहितात, ‘बसमधून खोडदच्या दुर्बिणीच्या तबकड्या रोज दिसतात. इतकी वर्षं काही वाटलं नाही, आता मान फिरवून घेते. ती मुलगी समोर आली तर काय तोंड दाखवू? धूमकेतू गेला आणि स्वप्नही गेलं. नोकरी सोडून बीएस्सी करू का? की वही जाळून टाकू आणि विसरून जाऊ?’ त्या दिवशी डोकं दुखतंय असं सांगून त्या सही न करताच परत आल्या. ता. क. असा : ‘मुलीला फिजिक्समध्येच पदवी घे म्हणून मागे लागले होते. ती म्हणाली, तुझं राहिलेलं माझ्याकडून पुरं करून घेऊ नकोस. तेव्हापासून अबोला आहे.’

उत्तर

ताई,

वही जाळू नका. बाकीचं सावकाश बोलू.

मी ३२ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. ‘मी कोण होणार?’ हा निबंध किती वेळा तपासला याची गणती नाही, त्यामुळे या एका विषयात माझा शब्द चालायला हरकत नसावी. साठ मुलांच्या वर्गात चाळीस डॉक्टर निघायचे आणि चाळीसच्या चाळीस खेड्यात जाऊन गोरगरिबांची फुकट सेवा करणार असायचे. (ते सगळे खरंच गेले असते तर प्राथमिक आरोग्य केंद्रात खुर्च्या कमी पडल्या असत्या.) १९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा अंतराळात जाऊन आले, आणि जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा निम्मे डॉक्टर अंतराळवीर झाले होते. मुलं खोटं लिहीत नव्हती. प्रश्नच असा असतो की उत्तरात कुठल्यातरी हुद्द्याचं नाव घालावं लागतं, आणि दहाव्या वर्षी माणसाला हुद्दे ठाऊक असतात मोजून आठ. ‘मी पतसंस्थेची शाखा सांभाळणार’ असं लिहिणारं मूल मला कधी भेटलं नाही. म्हणून पतसंस्थांत बसलेली सगळी माणसं काय हरलेली समजायची?

मी स्वतः एसटीत कंडक्टर होणार होते. तेव्हा बाई कंडक्टर कुठे दिसत नसे, पण ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझा जीव होता त्या पंचवर. तिकीट नसलं तरी कंडक्टर तो दोन बोटांत रिकामाच वाजवायचा, टिक्‌टिक्‌, टिक्‌टिक्‌. तिकिटाला भोक पडलं की कागदाची बारीक टिकली खाली पडायची, आणि त्या टिकल्या मी फ्रॉकच्या खिशात गोळा करायचे. पुढे पन्नाशीत एका कंडक्टर बाईंशी तासभर बोलणं झालं. गुडघे, सुट्ट्या पैशांवरून रोजची हुज्जत, मुक्कामाच्या गाडीला रात्री झोपायचं कुठे हा प्रश्न. पंच तर केव्हाच गेला होता, हातात मशीन आलं होतं. घरी येऊन मी त्या टिकल्यांची आठवण काढून हसले, आणि संपलं.

तुमचं तसं हसून संपणार नाही, हे मला कळतं. तुम्ही पानाचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. त्यात ‘खगोलशास्त्रज्ञ’ हा शब्द बिनचूक आहे आणि त्याच ओळीत ‘मोठेपणी’त नुसता ऱ्हस्व-दीर्घ नाही, आख्खा ‘ठे’च चुकलाय. म्हणजे मोठा शब्द गुरुजींनी फळ्यावर लिहून दिला होता. वर्गातल्या बऱ्याच जणांनी तो उतरवला असणार. पुढची तीन वाक्यं मात्र कोणी फळ्यावर लिहून देत नाही. जागी राहीन, लिहून ठेवीन, बोलावून दाखवीन. मराठीच्या बाईची खोड म्हणा, पण असा निबंध वाचताना मी नाम झाकते आणि क्रियापदं वाचते. मूल त्यांत सापडतं. माझ्याकडे अशी पत्रं बरीच येतात, कोणाला गवई व्हायचं होतं, कोणाला पैलवान, आणि त्या सगळ्यांनाही मी हेच करायला सांगते. तुम्ही झालात ते नाम आणि वहीतलं नाम ही दोन शेजारी ठेवली तर दुसरं काही हाती लागत नाही, नुसती लाज लागते.

ज्या तबकड्यांकडे बघून तुम्ही मान फिरवता, तिथली गंमत सांगते. त्या दुर्बिणीला डोळा लावायची सोयच नाही. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतल्या १४ मध्यभागी जवळजवळ आणि उरलेल्या १६ तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. त्या पकडतात रेडिओ लहरी, आणि ते काम भर दुपारीही चालतं. तिथल्या शास्त्रज्ञाचा पुष्कळसा वेळ संगणकासमोर जातो. आकाशातून आलेल्या आकड्यांत मोबाइलचा आणि विजेच्या तारांचा गोंगाट मिसळलेला असतो, तो तांदळातल्या खड्यांसारखा निवडत बसावं लागतं. काम मोठंच आहे. पण टेकडीवर शाल पांघरून बसणं आणि नवा तारा दिसला की गाव गोळा करणं त्यात येत नाही. ज्या आयुष्यासाठी तुम्ही झुरता आहात ते बरंचसं तुमच्या कल्पनेतलं आहे. शिवाय, एवढा पसारा म्हटल्यावर तिथेही कोणीतरी पगारपत्रकं आणि बिलं जुळवत बसलेलं असणारच की.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, बाई समजूत घालतायत. थोडी घालतेच आहे. पण ‘जे झालं ते चांगल्यासाठीच’ हे वाक्य मी या सदरात अजून लिहिलेलं नाही, आजही लिहिणार नाही. तुमचं काहीतरी खरंच गेलं. विज्ञान शिकायची हौस होती, डोकं होतं, आणि वाट बंद झाली. आता ४९ व्या वर्षी खोडदला शास्त्रज्ञ म्हणून काही तुम्ही लागणार नाही. त्याचं वाईट वाटून घ्या, चांगलं चार दिवस वाटून घ्या.

फक्त एक करा. तुम्ही रोज हिशेब तपासता, तसाच हा तपासा. सहा पानांत ‘माझ्यात जिद्द नव्हती’, ‘मी धाडस केलं नाही’, ‘मीच कमी पडले’ असं तुम्ही सात वेळा लिहिलंय. मी मोजलं. आणि १९९१ साली काय झालं ते सांगायला तुम्हाला दोन ओळी पुरल्या. विज्ञानाचं कॉलेज लांब, मुलीला रोज एवढं कोण पाठवणार, पैसे एकाच्याच शिक्षणाला पुरतील. दोन वर्षांनी तेच कॉलेज तेवढंच लांब होतं, उलट पुणं त्याहूनही लांब, आणि पैसे निघाले. ही सगळी थकबाकी एकट्या तुमच्या खात्यावर कोणी टाकली? तुमच्या शाखेत एखाद्या कारकुनाने चौघांचं कर्ज एकीच्या नावे लावलं असतं तर ऑडिटला तोंड देताना तुम्ही त्याला काय बोलला असता?

जयंत नारळीकरांबद्दल आपल्या सगळ्यांना आदर आहे, मलाही आहे. पण त्यांच्या लहानपणात वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते, आणि घरातल्या फळ्यावर मामा मुद्दाम अवघड गणित लिहून ठेवायचे, भाच्याला सुटेपर्यंत ते पुसलं जायचं नाही. बुद्धी त्यांची स्वतःची, मेहनतही. फळा मात्र घरच्यांनी टांगलेला होता. तुमच्या घरी आकाशाचं नाव काढणारे एकटे गुरुजी होते, तेही पाचवीपुरते. वडिलांना आज दोष देऊन उपयोग नाही, ते हयात नाहीत, आणि त्यांच्याजवळ किती पैसे होते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण दोष न देणं वेगळं आणि सगळा बोजा स्वतःच्या अंगावर घेणं वेगळं.

आता मला पत्रात सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. वही तुम्हाला ज्या दिवशी सापडली, त्याच दिवशी तुम्ही हक्कसोडपत्रावर सही करायला गेला होतात. हे तुम्ही असं लिहिलंय, जणू बस चुकल्याचं सांगावं. मला नाही वाटत तो योगायोग इतका किरकोळ आहे. तुमच्याकडून एकदा एक गोष्ट न विचारता भावाकडे गेली. दुसऱ्यांदा जाताना निदान सही तरी मागितली जाते आहे. आणि नेमकं तेव्हाच तुमचं डोकं दुखलं. मला तर ते डोकं फार शहाणं वाटतं.

भावावर खटला भरा असं मी म्हणत नाही. स्वखुशीने हक्क सोडणाऱ्या बहिणी मी पाहिल्यात, भाऊबीजेला त्यांच्या डोळ्यांत काही सलत नसतं. पण त्याआधी दोन गोष्टी नीट ठाऊक असू द्या. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्याने वडिलोपार्जित घरात मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, लग्न झालेलं असो वा नसो. घर वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं असेल आणि मृत्युपत्र केलेलं नसेल, तरीही वाटा आहेच. आणि दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र नंतर मन बदललं म्हणून फिरवता येत नाही. तेव्हा पुढची तारीख घ्या, भावाने ठरवलेला वकील सोडून दुसऱ्या एखाद्या वकिलाला कागद दाखवा, आणि मग सोडायचं की ठेवायचं ते ठरवा. भावाला ती वही दाखवा असंही मी सुचवीन. भांडायला नको, नुसती वाचायला द्या. त्याला कदाचित हे काहीच ठाऊक नसेल. आपल्या अकरावीच्या होस्टेलची फी, आपण आठवी-नववीत असताना बहिणीने जे सोडलं त्यातून आली, असा विचार सोळा वर्षांचा मुलगा कुठे करतो? आता तो पन्नाशीला टेकलाय, आता करू शकेल.

‘ती मुलगी समोर आली तर काय तोंड दाखवू?’ हेही जरा नीट बघू. दहा वर्षांच्या मुली मी रोज बघत आले. ती येईल, तुमच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसेल आणि आधी खुर्ची गोल फिरते का ते बघेल. तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक तुमच्याकडे असते हे कळल्यावर ती तुम्हाला राणीसारखं मानेल. पिग्मीची पुस्तकं, शिक्के, पैसे मोजायचं मशीन, सगळ्याला हात लावून होईल. पदवी कुठली हे ती विचारणारच नाही. मग खिडकीबाहेर बघून विचारेल, ‘टेकडीवर शेवटची कधी गेलीस?’ तिची कुरबुर झालीच तर एवढीच असेल, आणि तिला तुमच्याकडे उत्तर नाही. पत्रात १९८६ नंतर एकदाही रात्रीच्या आकाशाचा उल्लेख नाही. ताई, ते दार तर कोणी बंद केलं नव्हतं.

म्हणून बीएस्सी नको. एक तर बारावी विज्ञान नसताना तो प्रवेश सहसा मिळत नाही. नोकरी सोडायचा विचार तर मुलीच्या फीच्या तोंडावर अजिबात नको. आणि त्या वहीतली तिन्ही कामं करायला मार्कलिस्ट लागत नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं नाव ऐकलंय का? दापोली तालुक्यातल्या मुरूडचे, पेशाने शाळामास्तर. मुलांना शिकवता शिकवता त्यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ लिहिला, १८९६ साली तो छापून आला, आणि आपल्याकडच्या ज्योतिर्गणिताचा इतिहास लिहिणाऱ्याला आजही त्यांच्याकडे जावं लागतं. तुमच्याकडून ग्रंथाची अपेक्षा नाही, घाबरू नका. एका शाळामास्तरणीला दुसऱ्या शाळामास्तराचा अभिमान वाटतो, म्हणून सांगितलं.

सुरुवात फुकटात करा. थंडीत रात्री नऊ-दहाला अंगणातला दिवा घालवा, पंधरा मिनिटं मोबाइलला हात लावू नका, मग वर बघा. मृग, त्यामागे व्याध, वरच्या अंगाला रोहिणी आणि कृत्तिकांचा झुबका. एवढं ओळखू आलं की पुढचं सोपं. १३-१४ डिसेंबरच्या रात्री दरवर्षी मिथुनेतून उल्का पडताना दिसतात, त्यांना तर यंत्रच लागत नाही. महिनाभर नेम टिकला तर दुर्बीण घ्या, पण तिपाईवरची स्वस्त, ‘पाचशेपट मोठं दाखवते’ अशी जाहिरात करणारी मुळीच घेऊ नका, तिच्यात थरथरणाऱ्या ठिपक्यापलीकडे काही दिसत नाही. दोन डोळ्यांची, दहापट दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची दुर्बीण घ्या. भिंतीला कोपर टेकून स्थिर धरलीत तर गुरूचे चंद्र दिसतात. देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी एक, तीही दिसते, कापसाच्या पुसट बोळ्यासारखी. तुम्ही धूमकेतूचं वर्णन करताना हाच शब्द वापरलाय.

‘लिहून ठेवीन’चीही सोय आहे. मृगातला तांबूस तारा काक्षी, त्याचं तेज कमी-जास्त होतं. २०१९ च्या अखेरीस तो इतका मंदावला की नुसत्या डोळ्यांना फरक कळत होता. अशा ताऱ्यांचं तेज शेजारच्या ताऱ्यांशी ताडून रोज टिपून ठेवणारे हौशी लोक जगभर आहेत. अमेरिकेत त्यांची संस्था १९११ पासून आहे, ती कोणाच्याही नोंदी घेते आणि शास्त्रज्ञ त्या वापरतात. रोजकीर्द ज्याला जमते त्याला हे जमतं. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांसाठीच चालते, मुंबईच्या बाजूचे वाचक खगोल मंडळाबरोबर वांगणीला रात्र काढू शकतात. आणि खोडदला २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी सगळ्यांना आत सोडतात, शाळांची पोरं प्रयोग मांडून बसलेली असतात. रोज बसमधून जाता, एकदा उतरा.

‘धूमकेतू गेला’ हेही चूक, लाल शाईने खूण करते. हॅलेला सूर्याभोवती एक फेरी मारायला साधारण ७६ वर्षं लागतात. डिसेंबर २०२३ मध्ये तो सूर्यापासून सर्वांत लांबच्या टोकाला पोचून मागे वळला, सध्या इकडेच यायला निघालाय. २०६१ च्या जुलैमध्ये येईल. तुम्ही तेव्हा ८५ वर्षांच्या, मोतीबिंदू काढलेल्या. यातून कृपा करून काही बोध काढू नका, तपशील म्हणून सांगितलं.

राहिली मुलगी. तिचं बरोबर आहे. तिचं वाक्य लागलं, कारण ते नेमकं होतं. तुमच्या वडिलांनी तुमची शाखा ठरवली आणि आता तुम्ही तिची ठरवत होता, एवढं तिला सोळा-सतरा वर्षांत दिसलं म्हणजे पोरगी हुशार आहे. माफी मागा, पण भाषण नको. ‘तुझं तू ठरव’ एवढं म्हणा आणि त्यानंतर खरंच गप्प बसा. रात्री अंगणात जाल तेव्हा तिला बोलावू नका. थंडीत आई एकटी काय करतेय हे बघायला ती कधीतरी येईल किंवा अभ्यास आहे म्हणून येणार नाही. शेजारच्या आजीबाई मात्र नक्की येतील, त्यांना कृत्तिका दाखवा. ‘गावातल्या सगळ्यांना’ असं लिहिलंत, घरातल्यांना असं नाही.

ते गुरुजी हयात आहेत का, हे पत्रात नाही. असतील तर भेटून या, वही घेऊन जा. नसतील तर राहू द्या.

आणि वही परत ट्रंकेत टाकू नका. अर्धी कोरी आहे असं तुम्हीच लिहिलंय. निबंधानंतर एक पान सोडा आणि तिथून सुरू करा : तारीख, वेळ, ढग होते की नव्हते, काय दिसलं. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही तर ‘ढग’ एवढं लिहिलंत तरी चालेल.